साळूबाईचं शेरेबुक

साहेब येणार असले की ग्रामपंचायतीचा शिपाई आदल्या दिवशी सांगून जायचा, आणि तो सांगून गेला की साळूबाईला भाकरी गोड लागायची नाही. ताट तसंच सारून ती उठायची, कंबरेला किल्ली आहे ना ते चाचपायची आणि खराटा घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागायची. दवाखाना बंद पडून किती वर्षं झाली, हे तिला विचारावं लागायचं नाही. ती आपणहून सांगायची. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात डॉक्टर गेले, नर्सबाई गेल्या, निम्म्या खाटा गेल्या, आणि साळूबाई तेवढी मागं राहिली.

डोणवाडी म्हणजे भोकरदन सोडून टेंभुर्णीकडं जाताना डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत असलेलं गाव. एवढ्याशा गावात एवढा दांडगा दवाखाना कसा, असं नवा माणूस हमखास विचारतो. तर निजामाच्या अमदानीत इथल्या जहागीरदाराची बायको बाळंतपणात गेली. हकिमाला आणायला घोडा पाठवला होता, तो परत यायच्या आत गेली. त्या माणसानं मग चार वर्षं खपून काळ्या दगडाचा दवाखाना उभा केला, तोही फक्त बायकांसाठी. पुढं सात कमानींची ओसरी, आत बारा खाटांचा हॉल, औषधं द्यायची जाळीची खिडकी, आणि सगळ्यात शेवटी उत्तरेच्या अंगाला बाळंतपणाची खोली. दारावर उर्दूत कोरलेला दगड होता. गावात आता कुणाला तो वाचता येत नव्हता, पण त्यावर काय लिहिलंय हे दवाखान्यातल्या थोरल्या सिस्टरनी साळूबाईला सांगून ठेवलं होतं: कुठल्याही जातीची बाई या दारातून परत जाणार नाही.

साळूबाई सत्तावन्न साली इथं आया म्हणून लागली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आदल्याच वर्षी तिच्या घरादारानं धम्म घेतला होता, आणि गावातले कितीतरी ओटे असे होते की तिनं त्यावर पाय ठेवलेला चालायचा नाही. त्याच ओट्यांवरच्या सुना तिच्या हाताखाली बाळंत झाल्या. कळा येत असताना कुणाला शिवाशिव आठवायची नाही आणि सव्वा महिन्यानं घरी गेल्या की बराबर आठवायची. साळूबाईला याचा फार राग यायचा. तो ती फरशीवर काढायची. शहाबादी फरशी अशी घासायची की थोरल्या सिस्टर म्हणायच्या, ‘साळू, दगड झिजेल गं.’

या सिस्टरनी तिला दोन गोष्टी घोटून घोटून शिकवल्या. एक, बाळंतपणाच्या खोलीत न धुतलेलं काही न्यायचं नाही, स्वतःचा पायसुद्धा. दुसरी, कागद ज्याचा त्यानं वाचायचा. पेशंटचा कागद डॉक्टरनं वाचायचा, ऑफिसचा कागद साहेबानं वाचायचा, आयानं तो फक्त या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचा. साळूबाईला वाचताच येत नव्हतं, तरी तिनं हा नियम असा पाळला की कागद हातात धरताना ती मान दुसरीकडं करायची.

एवढ्या कडक नियमात एकच सूट होती. पाचव्या दिवशी बाळंतिणी उशाशी ठेवायला कोरा कागद आणि पेन्सिल मागायच्या. त्या दिवशी सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते म्हणतात. साळूबाईनं आपल्या घरातली सटवाई छप्पन्न सालीच बंद केली होती, पण बाळंतिणीला नाही कसं म्हणायचं, म्हणून ती जुन्या केसपेपरची कोरी बाजू फाडून द्यायची. सकाळी कागद कोरा तो कोराच असायचा. तरी बाया तो घडी घालून, पदराच्या गाठीला बांधून घरी न्यायच्या, आणि साळूबाई त्यांना मनातल्या मनात हसायची.

चौऱ्याऐंशीला डांबरी रस्त्याला लागून अठरा किलोमीटरवर नवा दवाखाना झाला. जुना बंद झाला. सगळ्यांच्या बदल्या झाल्या, पण आत राहिलेल्या सामानाचं काय? त्याची राखण करायला साळूबाईला ठेवलं. ऑर्डरमध्ये लिहिलं होतं म्हणे, की चार्ज घेतला जाईपर्यंत. चार्ज घ्यायला कुणी आलं नाही. शहाण्णव साली ती रिटायर झाली तेव्हा किल्ली द्यायला एसटीनं तालुक्याला गेली. पहिल्या ऑफिसात सांगितलं, इमारत आमच्याकडं नाही. दुसऱ्या ऑफिसात सांगितलं, इमारत आमच्याकडं आहे, पण सामान त्यांच्याकडं आहे. तिसऱ्या ऑफिसात एक क्लार्क भला निघाला. त्यानं बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाला, ‘मावशी, चार्जयादी तीन प्रतीत करून आणा.’ यादी कुणी करायची? तर ज्यानं चार्ज घ्यायचा त्यानं. साळूबाई शेवटच्या गाडीनं किल्लीसकट परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी ओसरी झाडायला गेली.

तिला सगळा दवाखाना चालू व्हायला नको होता. एवढी काही ती भोळी नव्हती. नव्वद साली शेजारच्या दुर्गाबाईची सून जीपमध्ये बाळंत झाली. अठरा किलोमीटरमधले सात झाले होते. मूल रडलंच नाही. जीप परत आली तेव्हा साळूबाई दवाखान्याच्या पायरीवर किल्ली घेऊन बसली होती, आणि तिच्या पाठीमागं धुतलेली, पुसलेली, टेबलावर पांढरं फडकं अंथरलेली खोली कुलपात होती. तिचं मागणं पहिल्यापासून एकच होतं, त्या दिवसानंतर तर ते तिनं सोडलंच नाही. ‘साहेब, मोठा दवाखाना ऱ्हाऊ द्या. ती एक खोली उघडा. एक नर्स द्या. बाकी मी हाये.’

आणि साहेब तर येतच होते. पंच्याऐंशीला एक आले, अठ्ठ्याऐंशीला दुसरे, एक्क्याण्णवला तिसरे, चौऱ्याण्णवला चौथे. ज्याला जिल्ह्याच्या गावाहून निघून दुपारच्या जेवणाआधी काहीतरी बघायचं असेल त्याला डोणवाडीचा दवाखाना सोयीचा पडत असावा. कुणी कमानीखाली उभं राहून फोटो काढून घेतला. कुणी सागवानी दारं टिचकी मारून बघितली. कुणी विचारलं, ‘इथं भूतबीत आहे का?’ त्यावर साळूबाई म्हणाली, ‘हाये ना. मीच हाये.’ साहेब हसले. तिला हसू आलं नव्हतं.

पहिल्या साहेबांनी शेरेबुक मागितलं होतं. भेट देणाऱ्या अधिकाऱ्यानं शेरा लिहायची ती वही कपाटातच होती. साळूबाईनं ती दिली आणि आपलं मागणं सांगितलं. साहेब म्हणाले, ‘लिहितो, लिहितो.’ चार ओळी लिहिल्या, सही केली, खाली शिक्का मारला. तिनं ती वही शस्त्रक्रियेच्या हिरव्या फडक्यात गुंडाळून घरी पत्र्याच्या पेटीत ठेवली. पुढचे साहेब आले की जीपमधून उतरल्या उतरल्या आधी वही त्यांच्या हातात. ‘आधी हे वाचा साहेब, मंग आत चला.’ साहेब वाचायचे, मान डोलवायचे, आत फिरून यायचे, तिचं मागणं ऐकायचे आणि चार ओळी लिहायचे. चार साहेबांनी लिहून दिलं होतं. आणि लिहिलेलं कधी ना कधी लागू पडतं, असं साळूबाईला पक्कं वाटायचं.

तिची सून कौसल्या वाटूरकडची, सातवी पास. मुलगा संपत जालन्याला बियाण्याच्या गोडाऊनमध्ये होता आणि आठवड्याला येऊन जायचा. घरात सासू-सुना दोघीच. कौसल्या एकदा म्हणाली, ‘आत्या, द्या की ती वही, वाचून तर दाखवते.’

‘सरकारी कागद हाये तो,’ साळूबाई म्हणाली. ‘ज्याचा त्यानं वाचायचा.’

अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत कौसल्येला सातवा महिना लागला होता. पहिलटकरीण. संपत म्हणत होता की बाळंतपणाला जालन्याला खोली घेऊ. साळूबाई म्हणायची, दम धर, कायतरी व्हईल. तेवढ्यात शिपाई सांगून गेला, उद्या नाही परवा एक मॅडम येणार आहेत. बाईमाणूस येणार म्हटल्यावर साळूबाईला हुरूप चढला. आजवर सगळे पुरुष आले, त्यांना काय कळणार. तिनं दोन दिवस दवाखाना घासला. वटवाघळांची घाण खरवडली, जाळ्या काढल्या, बारा नसल्या तरी उरलेल्या पाच खाटा पुसल्या, बाळंतपणाच्या खोलीत फिनेल टाकून तीनदा फरशी धुतली. दारात रांगोळीसुद्धा काढली. साहेबासाठी तिनं रांगोळी कधी काढली नव्हती.

प्रभावती मॅडम चाळिशीच्या, चष्मेवाल्या, बोलायला मऊ. बरोबर मोजायची टेप घेतलेला एक माणूस आणि कॅमेरा घेतलेला दुसरा. जुन्या इमारतींची यादी करायचं काम त्यांच्याकडं होतं. साळूबाईनं वही दिली. कौसल्या पाण्याची कळशी घेऊन पायरीवर बसली होती. मॅडमनी वही उघडली, एक पान वाचलं आणि चेहरा उजळून म्हणाल्या, ‘मावशी, किती कौतुक केलंय हो सगळ्यांनी तुमचं. तुम्हाला वाचून दाखवलं का कुणी?’

‘न्हाई,’ साळूबाई म्हणाली. मॅडमच साहेब, त्यांनी वाचायला हरकत नव्हती. ‘वाचा ना.’

मॅडम वाचू लागल्या. ‘तीन मार्च पंच्याऐंशी. इमारत स्वच्छ व सुस्थितीत आढळली. आया साळूबाई यांची कामावरील निष्ठा प्रशंसनीय आहे.’

‘पुढं?’

‘अठ्ठ्याऐंशी. मागील शेऱ्याशी सहमत. इमारत स्वच्छ व सुस्थितीत. तातडीने काही करण्याची आवश्यकता दिसून येत नाही.’

‘पुढं वाचा.’

‘एक्क्याण्णव. इमारत स्वच्छ व सुस्थितीत. परिसर रम्य असून मागील बाजूचे पेरू उत्तम आहेत.’ मॅडमना हसू आलं. ‘चौऱ्याण्णव. मागील तिन्ही शेरे पाहिले. सहमत. बाळाचे वजन करावयाचा पितळी काटा सुरक्षिततेसाठी सोबत नेत आहे.’

मॅडमनी पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. साळूबाई उभीच होती, पुढं वाचतील म्हणून.

‘बस, एवढंच,’ मॅडम म्हणाल्या.

‘खोलीचं कुठं लिवलं?’

‘कुठली खोली?’

‘बाळंतपणाची. नर्सचं. मी चौघांनाबी सांगितलं व्हतं. माझ्यासमोर लिवलं चौघांनी.’

मॅडमनी परत मागची पानं चाळली. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. मग म्हणाल्या, ‘नाही मावशी. तसं काही नाही यात. खरं सांगू का, तुम्ही इतकं नीटनेटकं ठेवलंय, की बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीकच तर आहे. आता मीसुद्धा...’

साळूबाईनं मनात वर्षं मोजली. तेरा वर्षं. तेरा वर्षं तिनं ही वही लेकरासारखी फडक्यात गुंडाळून ठेवली, प्रत्येक साहेबाला दारातच दिली, आणि प्रत्येक साहेबानं मागच्याचं बघून तेच लिहिलं. आपणच दिलं त्यांना, आपल्या हातानं. आणि झाडलंही आपणच. खराट्याच्या एकेका फटक्यासरशी आपण सांगत होतो की इथं काही करायची गरज नाही. उशाशी कोरा कागद ठेवून सकाळी तो गाठीला बांधणाऱ्या बायांना आपण हसत होतो. तिला त्या साहेबांचा संताप आला, पेरू खाणाऱ्याचा तर फारच आला, पण सगळ्यात जास्त संताप स्वतःचा आला.

‘मंग तुमी लिवा,’ ती म्हणाली. ‘आत्ता लिवा. ही माझी सून. सातवा हाये तिला.’

‘मी लिहिलं असतं हो,’ मॅडम म्हणाल्या. ‘पण आमचं काम फक्त इमारतीचं. बाळंतपण आमच्याकडं येत नाही.’

‘कुणाकडं येतं मंग?’

मॅडमनी पेन काढून वहीत तारीख घातली, तशी साळूबाईनं वही त्यांच्या हातातून काढून घेतली. हिसकावली नाही, पण घेतली. ‘ऱ्हाऊ द्या, बाईसाहेब. स्वच्छ हाये म्हून बास झालं लिवून.’ मॅडम खाली मान घालून जीपमध्ये बसल्या. टेपवाला माणूस रांगोळीवरून चालत गेला.

त्या दिवशी साळूबाईनं खराटा दवाखान्याच्या छपरावर फेकला. बायांनो, बघा, असं ओरडून नाही. कुणी बघत नसताना फेकला. महिनाभर ती तिकडं फिरकली नाही. कडुनिंबाच्या पानगळीनं ओसरी भरली, शेळ्या येऊन बसू लागल्या. येता-जाता लोक म्हणायचे, ‘साळूबाई, दवाखान्याची रया गेली की.’ ती म्हणायची, ‘जाऊ द्या. आता लिवतील कायतरी.’ पण तिचे हात घरात थारा घेईनात. डबे घासून झाले, अंगण झाडून झालं, शेजारचंही झाडून झालं. शेवटी चैत्र लागता लागता ती एक दिवस गुपचूप गेली, ओसरीकडं बघितलंही नाही, थेट शेवटची खोली उघडली आणि तेवढीच धुतली. ‘मला न्हाई बघवत,’ ती कौसल्येला म्हणाली. ‘बाकीचं पडू दे. ती खोली न्हाई बघवत मला.’

संपतनं जालन्याला खोली ठरवली होती. रविवारी येऊन घेऊन जाणार होता, दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. पण पोटातल्या पोरीला रविवारचं काय. आदल्या गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला कौसल्या चुलीपुढून उठली ती भिंतीला धरूनच. पाणी गेलं होतं.

तो बाजाराचा दिवस. गावातल्या दोन्ही जीपा माणसं भरून पहाटेच गेलेल्या, दुपारी चारच्या आत परतणार नव्हत्या. बैलगाडीनं अठरा किलोमीटर म्हणजे कौसल्येच्या हाडांचा खुळखुळा. दुर्गाबाई धावत आली आणि नव्वद साल आठवून मटकन खालीच बसली. साळूबाईनं सुनेच्या पोटावर हात ठेवला, कळा मोजल्या आणि कंबरेची किल्ली चाचपली.

‘ऊठ, पोरी. चालवतंय तवर चाल.’

‘कुठं, आत्या?’

‘दवाखान्यात.’

शेळ्या हुसकत, पानं तुडवत तिघी ओसरीतून आत गेल्या. खोली धुतलेली होती. दुर्गाबाईनं मागं तीन दगडांची चूल मांडून पाणी उकळलं. साळूबाईनं नवं ब्लेड आणि दोरा उकळत्या पाण्यात टाकला, कोपरापर्यंत हात साबणानं घासले, एकदा, दोनदा, सिस्टरनी शिकवलं तसं तिसऱ्यांदा. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. सलाईन नाही, इंजेक्शन नाही, काही आडवंतिडवं झालं तर हाक मारायला डॉक्टर नाही. आजवर प्रत्येक बाळंतपणात दोन पावलं मागं सिस्टर उभ्या असायच्या. आज मागं भिंत होती. प्रत्येक कळेला ती मनात त्या चौघा साहेबांना एकेक करून शिवी देत होती, आणि तोंडानं कौसल्येला म्हणत होती, ‘बिलकुल भिऊ नको. बराबर चाललंय.’

सव्वातीनला पोरगी झाली. रडायला क्षणभर उशीर केला तिनं, तेवढ्यात साळूबाईनं तिच्या तळपायावर टिचकी मारली. मग ती रडली, आणि सात कमानींत चौदा वर्षांनी आवाज घुमला. दुर्गाबाई दाराबाहेर पदर तोंडात धरून रडत होती, आपल्या घरच्या त्या न रडलेल्या लेकरासाठी रडत होती हे कुणी न सांगताच कळत होतं.

संध्याकाळी कौसल्या उठून बसली तेव्हा साळूबाईनं घरून हिरवं फडकं आणलं. वही तिच्या मांडीवर ठेवली. ‘वाचायची नव्हती तुला. आता लिव.’ मॅडमनी नुसतीच तारीख घालून सोडलेल्या पानावर, त्या तारखेखाली, कौसल्येनं सासू सांगेल तसं लिहिलं: गुरुवार, दुपारी सव्वातीन, कौसल्या संपत, मुलगी. आई आणि बाळ सुखरूप. वजन केलं नाही, काटा साहेबांनी नेला. खाली साळूबाईनं अंगठा उठवला.

गाव बघायला लोटलं. ज्यांनी कधी तिला ओट्यावर घेतलं नव्हतं त्यांच्याही सुना आल्या, विचारू लागल्या, ‘साळूबाई, आता हितंच करतात का?’ शनिवारच्या पेपरात चार ओळींची बातमीसुद्धा आली, बंद दवाखान्यात बाळंतपण म्हणून. साळूबाईला वाटलं, आता तरी. आता तर छापून आलंय. तिनं छपरावरचा खराटा काढायला लावला आणि सगळा दवाखाना पुन्हा झाडून काढला. रागावलेलं माणूससुद्धा किती दिवस रागावणार.

सोमवारी जीप आली. शिपायानं आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं. एक साहेब आणि दोन माणसं उतरली. साहेब घाईत होते, वय लहान, घाम पुसत होते. त्यांच्याकडं चार्जयादी होती, तीन प्रतीत, टाईप केलेली. त्यांनी शेरेबुक मागितलं, कौसल्येचं पान वाचलं आणि विचारलं, ‘हे कुणाच्या परवानगीनं?’

‘पोरीनं विचारलं न्हाई,’ साळूबाई म्हणाली. ‘डायरेक आली.’

‘मावशी, उद्या काही बरंवाईट झालं असतं तर जबाबदार कोण? पेपरात आलंय. वरून फोन आलाय. किल्ली द्या.’

तिनं कंबरेची किल्ली काढली. चौदा वर्षांत तिथं कातडीला घट्टा पडला होता. साहेबांनी खाटा मोजल्या, दारं मोजली, नवं कुलूप घातलं, वर कापड बांधून लाखेचं सील मारलं. शेरेबुक जमा करून घेतलं. मग जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पोच लिहायला घेतली.

साळूबाई त्यांच्या बाजूला उभी राहिली. ‘साहेब, ही किल्ली घेऊन मी किती हापिसं फिरले, तुमाला ठाव न्हाई. कुणी हात पुढं केला न्हाई. नर्स मागत व्हते, चौदा वर्षं, कुणी आलं न्हाई. एक पोरगी जल्मली, तर पाचव्या दिवशी आलात. म्हंजी येता येतं तुमाला.’

साहेबांनी वर बघितलं नाही. ‘इथं अंगठा करा,’ ते म्हणाले.

ती घरी आली तेव्हा कौसल्या पोरीला पाजत होती. हातातला कागद बघून तिनं विचारलं, ‘काय लिहून दिलं, आत्या?’

साळूबाईनं कागद तिच्यापुढं केला. मान दुसरीकडं फिरवली नाही. ‘वाच.’

कौसल्येनं वाचलं. ‘किल्ली एक नग मिळाली. इमारत स्वच्छ व सुस्थितीत ताब्यात घेतली.’

साळूबाईनं सुनेच्या हातातून तो कागद घेतला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिनं तो पोरीच्या उशाशी ठेवला आणि फळीवरची पेन्सिल काढून आणली. कौसल्या बघतच राहिली, कारण सटवाईचं नाव या घरात कुणी काढत नव्हतं.

‘तिची वाट नको बघू,’ साळूबाई म्हणाली आणि पेन्सिल कौसल्येच्या हातात दिली. ‘तूच लिव. पोरगी कुठं जल्मली, ते लिव. खोलीचं नाव बराबर घाल.’

कौसल्येनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. साळूबाईनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.